दारुड्याचं काम

व्यसनमुक्तीचं पथनाट्य खरोखर होतं की नुसतीच बिलं निघतात, हे पाहायला वर्ध्याहून तपासणीच्या मॅडम आल्या होत्या. त्यांच्या शेऱ्याशिवाय पुढच्या गावांचा निधी सुटणार नव्हता. म्हणून कलापथकाच्या कैलासभाऊंनी भर दुपारीच वडनेरच्या ग्रामपंचायतीसमोर डफडं वाजवायला लावलं.

"दारू सोडा म्हणता मॅडम, पण आपल्या जिल्ह्यात त बंदी हाये," ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला. "सोडाले ते भेटते कुठी?"

"फोन लावा बुढेबुवा, घरी आणून देते!" मागून कोणीतरी म्हणालं. बायकाही हसल्या.

वर्षाली हसली नाही. या नाटकातलं दारुड्याचं काम आधी तिचे बाबा करायचे. गावोगाव लोक पोट धरून हसायचे. भीड चेपावी म्हणून कैलासभाऊ प्रयोगाआधी त्यांना गाडीमागे नेऊन कागदी कपात थोडी द्यायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा गेले. शेवटी त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

आता ते काम तिच्या धाकट्या भावाकडे आलं होतं.

"ॲक्टिंगच त हाये, ताई," आदेश सकाळी म्हणाला होता. "मी का पितो का? तू काऊन घाबरून राह्यली?"

मघाशी तो कैलासभाऊंबरोबर गाडीमागे गेला होता. कैलासभाऊंच्या हातात कागदी कप होता.

आदेश रिंगणात आला. अंगात बाबांचाच सदरा. एक पाय टाकला की दुसरा कुठे टाकायचा ते त्याला आठवत नव्हतं. त्यानं विजेच्या खांबाला रामराम घातला, मग त्याच्याशीच भांडला. माणसं खदखदली.

"हुबेहूब बापावानी करते पोट्टं!"

मॅडमनाही हसू आवरलं नाही. त्यांनी मोबाईलवर चित्रण केलं, सरपंचाची सही घेतली आणि 'प्रयोग प्रभावी' असा शेरा लिहिला. मग रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची काही तक्रार?"

कैलासभाऊंनी चहा सांगितला.

"मले विचारायचं हाये," वर्षाली पुढे आली. "तुमाले नाई मॅडम. याले."

ती आदेशसमोर जाऊन उभी राहिली. रोज संध्याकाळी आई दारातच बाबांची वाट अडवायची, तशी.

"आदेश, तोंड उघड."

लोकांना वाटलं, नाटक अजून बाकी आहे. पुन्हा हशा पिकला. डफडेवाल्यानं एक थाप दिली. मॅडमनी मोबाईल परत वर धरला.

आदेशनं ओठ घट्ट मिटून घेतले.