समोरची भिंत

"अहो, तो कागद तरी बघा एकदा," बायको चौथ्यांदा म्हणाली.

"चाळीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या केल्या मी. आता बाहुलीच्या घरासाठी कागद वाचत बसू?" सुतार खेकसला.

फळ्या कसल्या, नुसते पुठ्ठे! एक भिंत उभी करावी तर दुसरी आडवी. खिळे तर इतके बारीक की त्याच्या जाड बोटांत धड येईनात. सोबत आलेली डिंकाची ट्यूब त्याने कोपऱ्यात भिरकावली आणि स्वतःचा सरस काढला.

घर आज व्हायलाच हवं होतं. गेल्या महिन्यात नातीने त्याची पटाशी उचलली, तेव्हा तो असा काही ओरडला होता की पोरगी अजून त्याच्याकडे फिरकत नव्हती. "हत्यारांना हात लावलास तर बघ!" मग मुलानेच हे खोकं आणून ठेवलं. "जोडून द्या बाबा, बोलेल तुमच्याशी."

दुपार कलली तेव्हा घर उभं राहिलं. "आता हत्ती बसला तरी हलायचं नाही," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला टेबलावर दोन चिमुकल्या बिजागऱ्या दिसल्या.

बायकोने कागद उचलला. "समोरची भिंत चिकटवायची नव्हती हो. दारासारखी उघडायची होती ती."

त्याने नखं घातली, सुरी घातली. भिंत ढिम्म हलेना. सरस त्याचा, सांधे त्याचे, निघतायत कशाला! स्वतःच्या पक्क्या कामावर तो आयुष्यात पहिल्यांदाच चिडला.

नात कधी आली कळलंच नाही. इवलासा पलंग हातात घेऊन ती बाहुलीघराच्या खिडकीतून आत डोकावत होती. "आजी, हा आत कसा ठेवायचा?"

आजीला विचारलं. त्याला नाही.

"नाही जात आत काही! बंद झालंय ते!" तो वस्सकन ओरडला, आणि ओरडल्याबरोबर जीभ चावली. पोरगी पळाली होती.

"झालं समाधान?" बायको म्हणाली.

तो डोकं धरून बसला. एवढं करून पुन्हा मुसळ केरात.

थोड्या वेळाने पावलं वाजली. नात समोर उभी होती. तिच्या दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. टोकाला करवतीचे दात दिसत होते.

"मी हात नाही लावला हं, आजोबा," ती म्हणाली. "फडक्याने धरलीये."