ताईंचं फाटक

फीत कापायला ताईंना उभं केलं ते शाळेच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या पिंपांशेजारी. शाळेच्या गाडीने त्यांना थेट इथंच आणून सोडलं होतं. समोर नवंकोरं फाटक, आणि फाटकावर ठळक अक्षरांत ताईंचंच नाव.

"मोफतवाल्या मुलांची खास सोय," मुख्याध्यापक हात चोळत म्हणाले. "पुढे गाड्यांची गर्दी असते. बिचारी बावरतात. वापर तर महिन्यापासून सुरू आहे, उद्घाटन तेवढं तुमच्या हातून."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरिबाच्या पोराला फी न घेता अशाच श्रीमंतांच्या शाळांत बसवायचा कायदा त्यांनी आणला होता, तोही सभागृहात एकेका शब्दासाठी भांडून. वर्ग एकच, बाक एकच, गणवेश एकच. "आता पाण्याचा नळही एकच लिहा!" म्हणून विरोधक खिदळले होते. ताईंनी नळही लिहिला.

"कायदा वाचलाय का तुम्ही?"

"पाठ आहे, ताई! अक्षर न् अक्षर पाळतो आम्ही." मुख्याध्यापक मनापासून हसले. "फाटकाबद्दल त्यात काहीच नाही."

नव्हतंच. नळ लिहिला, फाटक सुचलंच नाही. माणसं या थराला जातील असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना मुख्याध्यापकांचा संताप आला, आणि तेवढाच स्वतःच्या भोळेपणाचा.

कात्रीचं तबक धरून मोफतवाल्यांतलीच एक मुलगी उभी होती. ताईंनी तिला विचारलं, "आणि पुढून आलीस तर?"

मुलीने आधी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "परत पाठवतात."

ताईंनी तबक उचलून मुख्याध्यापकांच्या हातात ठेवलं. "घ्या. कापा तुम्हीच." मग मुलीचा हात धरून, दुखऱ्या गुडघ्यांना न जुमानता, त्या कुंपणाच्या कडेने चालू लागल्या. "अहो ताई, ऐका तरी" मागेच राहिलं.

पुढचं फाटक सताड उघडं होतं. एकेक गाडी आत जात होती. पहारेकऱ्याने ताईंना ओळखलं नाही, मुलीला ओळखलं. त्याने काठी आडवी धरली.

"नात का तुमची, आजी?"

"माझीच."

"मग मागून न्या तिला," तो समजुतीने म्हणाला. "या मुलांसाठी ताईंनी वेगळं फाटक करून दिलंय."

मुलगी सवयीने वळली. ताईंनी तिचा हात सोडला नाही.