कोर्ट उठेपर्यंत

"दौलतराव, घरी चाल. वयनी गेली."

चुलतभाऊ जगदेव सकाळच्या गाडीनं जऊळक्याहून वाशीमला आला होता. दौलतराव कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाजवळ बसला होता. त्याची बायको कस्तुराबाई चार दिवस तापानं फणफणत होती. तरी तारीख म्हणून तो आदल्या दिवशीच घरून निघाला होता.

खटला बोलण्याचा होता. गणपतीच्या मिरवणुकीत वाजंत्रीवरून मशिदीपाशी दगडफेक झाली. पहिला दगड कोणाचा, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे, असं दौलतरावाला वाटलं. पुढच्या बाजारात तो विहिरीजवळच्या दगडावर चढला आणि ओरडला, "ज्या बाईच्या हातात मुसलमानाच्या हातचा चुडा, तिच्या हातचं पाणी पिऊ नका!" समोरच तय्यब मणियार आणि त्याची बायको बदरुन्निसा बांगड्या मांडून बसले होते. त्या दिवसापासून बायका त्यांच्याकडे फिरकल्या नाहीत. तय्यबनं पोलिसात तक्रार केली. दोन समाजांत वैर लावणारं बोलणं हा गुन्हा, असं कलम होतं.

"बोलण्यावर कलम!" असं सांगत दौलतराव सहा महिने गावात हसत होता. "उद्या शिंकण्यावरबी लावन सरकार. बोलल्यानं कोनाचा हात मोडते काय?"

वकिलानं तारीख पुढची मागून घेतली. तय्यब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्यानं ऐकलं. तो वाट सोडून बाजूला झाला.

दौलतराव दुपारच्या गाडीनं घरी पोचला. कस्तुराबाईला अंगणात ठेवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. नवऱ्यामागं राहिली नाही, सवाशीण गेली, असं बायका म्हणत होत्या. दौलतराव तिच्या हातांकडे पाहत राहिला. दोन्ही मनगटं हिरव्या बांगड्यांनी भरली होती.

"एवढा चुडा कुठून आला?" त्यानं विचारलं.

त्याची बहीण सोजरबाई पुढं आली.

"सहा महिन्यात नवी बांगडी भरली नाई तिनं. तू बोलला होता ना बाजारात. एक एक फुटत गेली. परवा फकस्त एक राह्यली होती. तुले दिसली नाई?"

दौलतरावाला दिसली नव्हती. रोज त्याच हातानं ती त्याला ताट वाढत होती.

"आज आमी माह्याजवळच्या बांगड्या भराले बसलो, तं हात लाकडासारखा झालेला. आंगठा आत जाईना. तीन बांगड्या फुटल्या, दौलत. नवरा जिता असून तिच्या अंगावर बांगड्या फुटल्या. मंग आमी हात जोडून बसलो. तेवढ्यात बदरुन्निसा बांगड्या घेऊन आली. कोनी बलावलं नव्हतं. दारात उभी राह्यली अन् म्हने, 'मले हात लावू द्याल काय?'"

कोणीही नाही म्हटलं नव्हतं. बदरुन्निसानं तेल गरम करून मागितलं. कस्तुराबाईचा हात मांडीवर घेऊन ती तासभर चोळत बसली. आधी बोटं सैल केली, मग अंगठ्याचं मूळ. चोळताना ती त्या हाताशी बोलत होती, "ढिला सोड बाई, ढिला सोड." लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीलाही हेच म्हणून तिनं त्या हातात बांगड्या भरल्या होत्या. माप विचारावं लागलं नाही. एकही बांगडी फुटली नाही. काम झालं, तशी हात धुऊन ती घरी गेली. सोजरबाई दाणे द्यायला मागं धावली. तिनं घेतले नाहीत.

दौलतराव खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. दुःख होतंच. पण आपल्या बायकोला कोणी भुंड्या हातांनी जाऊ दिलं नाही, हे त्याला त्या दुःखापेक्षा मोठं वाटलं. पुढं किती दिवस सकाळी उठला की त्याला आधी तेच आठवायचं, आणि मन शांत व्हायचं.

तेरवी झाल्यावर तो तय्यबच्या घरी गेला. बदरुन्निसा ओसरीवर धान्य निवडत होती. त्यानं हात जोडले.

"बसा, दौलतभाऊ," ती म्हणाली. "त्या हाताची ओळख तुमच्याइतकीच मलेबी होती. एवढ्यासाठी कायले हात जोडता?"

पुढच्या तारखेला वकिलानं दौलतरावाला बजावलं, "तोंड उघडू नको. साक्षीदार ढिला पडला आहे." खरंच होतं. न्यायाधीश साहेबानं विचारलं तेव्हा तय्यब खाली बघत म्हणाला, "साहेब, मले काही याद नाही."

"त्याले याद हाय, साहेब," दौलतराव म्हणाला. "मी बोललो. जसं लिहिलं हाय, तसंच बोललो."

वकिलानं कपाळावर हात मारला. साहेबानं कबुली लिहून घेतली आणि शिक्षा दिली, कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. दौलतराव भिंतीशी बसला. पाच वाजता कोर्ट उठलं, तेव्हा तय्यब बाहेर त्याच्यासाठी थांबला होता. दोघं एकाच डब्यात बसून जऊळक्याला आले.

"झालं ना आता, सुटला ना?" स्टेशनवर जगदेवनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बदरुन्निसा बांगड्या मांडून बसली होती, आणि बायका तिच्यासमोरून पदर सावरून पुढं जात होत्या. त्यांनी कोर्टातलं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं ते विहिरीजवळच्या दगडावरून.

ते शब्द परत घ्यायला त्या दगडावर दौलतराव अजून पुन्हा चढलेला नाही.