हाव की हो

“‘हाव’ नाही, ‘हो’.” पुण्याच्या केदार सरांनी मसुद्यावर लाल रेघ ओढली. “हाव म्हणजे लोभ. जगाच्या नियमात आपला शब्द चाललाय, तर शुद्ध जाऊ दे.”

धामणगाव बढेच्या जुन्या चिंचेखाली पाच देशांची माणसं बसली होती. दोर लावून हौसेनं झाडं चढणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय संघ आज स्थापन व्हायचा होता. आठवडाभर ही मंडळी गावच्या धम्मशीलाच्या दोरावर चढली-उतरली होती. वरच्यानं विचारायचं, “सोडू?” खालून ‘हाव’, म्हणजे वऱ्हाडी ‘हो’, आल्याशिवाय हातातली फांदी सोडून दोरावर भार टाकायचा नाही. नेपाळच्या बाईपासून केनियाच्या बुवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी शब्द बसला होता. आता सह्या तेवढ्या राहिल्या, आणि हे महाशय शुद्धलेखन घेऊन उभे!

धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा बाप प्रेमानंद जन्मभर लोकांच्या झाडांच्या फांद्या छाटत आला. एकदा दोर धरणारा खालून ओरडला, “ओ! थांबा!” ‘थांबा’ वाऱ्यानं नेलं, ‘ओ’चं ‘हो’ ऐकू आलं. बापानं धरलेली फांदी सोडली आणि थेट खाली आला. त्या दिवसापासून घरात दोराचा शब्द एकच, लांब ओढलेला ‘हाव’.

“शुद्ध शब्द तुमच्या पुण्यात ठेवा, सर. माह्या बापाची कंबर शुद्ध शब्दानंच मोडली. ‘हो’ लिवलं तर मले सही करायची नाही. माहा दोर घेऊन मी घरी चालली!”

“एवढ्याशा शब्दासाठी? थांबा, मीच करून दाखवतो.”

सर तरातरा चिंचेवर चढले. खाली दोर धम्मशीलानंच धरला. राग आपल्या जागी, दोर आपल्या जागी.

“सोडू?” सर वरून गरजले.

तिनं वर पाहिलं. दोर एका बेचक्यात अडकून ढिला पडला होता.

“ओ! थांबा!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. चिंच सळसळली. सरांनी फांदी सोडली.

दोन हात खाली येऊन हिसका बसला. धम्मशीला मागं रेलली, तळहात सोलले, पण दोर सुटू दिला नाही. लोंबकळणाऱ्या सरांनी कशीबशी दुसरी फांदी कवटाळली. चष्मा केव्हाच पाचोळ्यात पडला होता.

तिनं दोर झटकून मोकळा केला, ताणून धरला.

“सोडू का?” आता आवाज फार बारीक आला.

तिला हसू आवरेना. अगदी शुद्ध मराठीत ती म्हणाली, “हो.”

सरांनी फांदीला आणखी घट्ट मिठी मारली.

“‘हो’ नको, ताई! ‘हाव’ म्हणा हो, ‘हाव’!”