अंगठा पोचेल एवढा फोन

मोठा फोन हातात घेतला न घेतला तोच अण्णांनी नाक मुरडलं आणि तो काउंटरवर परत ठेवला. हा फोन आहे की पाट, असं त्यांनी दुकानातल्या मुलीला कानडीत विचारलं. ती खळखळून हसली. सुचेता हसली नाही. ती सासऱ्यांच्या डोळ्यांकडे बघत होती.

येलहंक्याच्या त्या दुकानात ती त्यांना फोन घ्यायला म्हणून घेऊन आली होती खरी, पण फोनशी तिला काही देणंघेणं नव्हतं. अण्णांना नीट दिसतं की नाही, एवढंच तिला पक्कं करून घ्यायचं होतं. रोज सकाळी ते तिच्या लेकीला, आर्याला, स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडायचे, आणि महिनाभर सुचेताच्या मनात पाल चुकचुकत होती. पेपरात हल्ली काही राम उरला नाही म्हणून अण्णांनी तो बंद केला होता. लाईटचं बिल ते आर्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे, का तर म्हणे पोरीला कानडी वाचायचा सराव होतो. डोळे तपासायला चला म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. नवऱ्याला, गिरीराजला, तिने हे सांगून पाहिलं तर त्याने उडवून लावलं. अण्णांनी चाळीस वर्षांत स्कूटरला ओरखडा येऊ दिलेला नाही, तू पुण्याहून येऊन त्यांना काय शिकवणार, म्हणाला.

दुकानातल्या मुलीने आणखी एक फोन पुढे केला. हा तर त्याहून मोठा, वर अक्षरं सुपारीएवढी. अंकल, तुमच्या वयाचे सगळे हाच नेतात, डोळ्यांना बरं पडतं, असं ती परोपरीने सांगत होती. अण्णा बधले नाहीत.

"मला लहानच पाहिजे," ते म्हणाले. "यात अंगठा पोचत नाही. मुठीत मावला की सरी, बस्स झालं."

"पण अण्णा, लहान फोनवर तुम्हाला दिसतं?" सुचेताने हळूच विचारलं.

अण्णांनी खिशातून आपला जुना, कोपरा फुटलेला फोन काढला. त्यांचा अंगठा झरझर फिरला. खालच्या कोपऱ्यातला गिरीराजचा फोटो दाबून त्यांनी त्याला फोन लावला आणि कॉफीचं डिकॉक्शन घालून ठेवायला सांगितलं. मग बॅटरी लावून दाखवली, विझवून दाखवली, व्हॉट्सॲप उघडलं, बंद केलं. दुकानातल्या मुलीने चक्क टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सुनेकडे अशा काही रुबाबात मान वळवली, की सुचेता खजील झाली.

तिला स्वतःचाच राग आला. ज्याला दिसत नाही तो माणूस मोठा पडदा मागेल, लहान कशाला मागेल? इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात येऊ नये? उगाच म्हाताऱ्या माणसावर पाळत ठेवली आपण, असं तिला वाटलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला. दुकानातला सगळ्यात लहान फोन तिने स्वतःच निवडला. जुन्यातलं सगळं नव्यात भरून होईपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात अण्णांच्या मागे स्कूटरवर बसून आलेल्या आर्याने नव्या फोनवर आपल्या अज्जाबरोबर दोन-तीन सेल्फीही काढून घेतले.

दाराशी आल्यावर अण्णांनी तो फोन खिशातून काढला. निघालो म्हणून गिरीला सांगतो, म्हणाले. अंगठा सवयीने खालच्या कोपऱ्यात गेला. नव्या फोनवर तिथे गिरीराजचा फोटो नव्हता, कॅमेरा होता. पडदाभर अण्णांचाच चेहरा उमटला, पांढऱ्या मिशांसकट. अण्णांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि फोन कानाला लावला.

सुचेता चूक सांगणारच होती, पण थांबली. कानाशी काही वाजत नव्हतं, हे त्यांना आता कळायला हवं होतं. अण्णांनी फोन कानावर आणखी घट्ट दाबला. मग सून शेजारीच आहे याचा अंदाज घेऊन ते मोठ्याने बोलू लागले.

"हां गिरी, निघालो रे. लहानच घेतला. हो, हो, स्वच्छ दिसतंय सगळं."

मुठीएवढ्या फोनवरची एकेक जागा या माणसाने पाठ करून ठेवली होती, आणि आपण त्याच पाठांतरावर विश्वास ठेवून बसलो. सुचेताला त्यांचा भयंकर राग आला. आणि रिकाम्या फोनशी चाललेलं त्यांचं ते हसून बोलणं तिला ऐकवेनाही.

तोवर अण्णा स्कूटर सुरू करून बसले होते. आर्या हेल्मेट घालून मागे चढली आणि तिने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. सुचेता धावत गेली आणि तिने आधी चावी फिरवून स्कूटर बंद केली. लेकीला खाली उतरवायचं, एवढंच तिला कळत होतं.

"आर्या, उतर. तू माझ्याबरोबर रिक्षाने येणार आहेस."

अण्णांनी मान खाली घातली. आर्या मात्र जागची हलली नाही. तिने अज्जाचे खांदे आणखी घट्ट धरले.

"आणि मग सिग्नल लाल झाला हे अज्जाला सांगणार कोण?"