इनारीचा नैवेद्य

"तीर्थ थुंकलंस?" शैलेंद्रने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बायकोच्या कानशिलात लगावली. नीलिमाचा ओठ फुटला.

"अरे, इथे पाणी पीत नाहीत. नुसती चूळ भरतात."

"देवाच्या दारात चूळ? नालायक! तुझ्यासारखीला तीर्थ मिळूच नये." दगडी पात्रात ओगराळं बुडवून त्याने तळहातावर पाणी घेतलं. तीनदा प्यायला, ओला हात डोक्यावरून फिरवला. कुठल्याही देशाचा देव असो, शैलेंद्रचा त्याच्यावर फार विश्वास. बायकोवर मात्र काडीचाही नाही.

चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या नीलिमाच्या जपानी कंपनीने गच्चीवर इनारीचं, म्हणजे भाताच्या आणि सुगीच्या देवतेचं, लहानसं देऊळ बांधलं होतं. लाल कमान, दोन दगडी कोल्हे. पात्रात पाणी भरायचं काम पाळीपाळीने असे. हा आठवडा नीलिमाचा होता. शनिवार म्हणून वर चिटपाखरू नव्हतं.

उद्याच्या विमानाने तो अवनीला पुण्याला नेणार होता, कायमची. आठ वर्षांची पोर आईला पुन्हा दिसणार नव्हती. "जाण्याआधी देवीला नैवेद्य दाखवू," एवढंच नीलिमाने मागितलं होतं. देवाचं नाव निघालं म्हणून तो आला.

कोल्ह्यांपुढे केशरी भाताचा डबा ठेवून तिने हात जोडले. "घे, प्रसाद."

"आधी तू." भांडणात तिने एकदा 'विष घालीन' म्हटलं होतं. तेव्हापासून महिनाभर तो तिच्या हातचं खात नव्हता.

"मला नको."

झालं. त्याने तिचे केस धरले, डोकं कोल्ह्यावर आदळलं आणि भाताचे मूठ-मूठ घास तिच्या तोंडात कोंबले. "गीळ! मला मारतेस काय?" पोटात गुडघा बसला. रडत, ठसकत तिने सगळा भात संपवला.

मग तो पायरीवर बसून तिच्या मरणाची वाट बघू लागला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ती मेली नाही.

"नुसता भातच होता की!" तो हसला. कपाळावरचा घाम पुसला. पुन्हा पुसला. उठायला गेला आणि कमानीच्या खांबाला धडकला. "भातात... काय होतं?"

"केशर. वेलची. साखर."

तो कोसळला. पाय झाडत राहिला, मग तेही थांबलं. नीलिमाने त्याच्या खिशातून अवनीचा पासपोर्ट काढला. फोन वाजला.

"आई, व्हेन कमिंग लाह?"

"आलेच, बाळा."

निघण्याआधी तिने दगडी पात्राचं बूच उपसलं. सोमवारी या पाण्याने कुणी चूळ भरायला नको.