पृथ्वीएवढं वजन

साल २०९४. चंद्रावरच्या वस्तीत पहिला रोलरकोस्टर सुरू झाला, तेव्हा चार्वी एकोणीस वर्षांची होती. जन्म तिथलाच, त्यामुळे जडपणा कसा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तरी शिकायला साताऱ्याला जायचा हट्ट.

"तिथे सहापट जड होशील. तव्यावरच्या थालीपिठासारखी जमिनीला चिकटशील!" कित्येक वर्षांपूर्वी पृथ्वीवरून येऊन इथेच राहिलेली मृणालआत्या म्हणाली. "या गाडीच्या खालच्या वळणावर तेवढाच भार पडतो. घाबरली नाहीस, तर खुशाल जा."

दोघी शेजारी बसल्या. गाडी विवराच्या काठावर चढली, क्षणभर थबकली आणि सुटली. तळाशी वळताना चार्वीचे हात मांडीवर आपटले, गाल ओघळले, आपलं अख्खं शरीर तिला पहिल्यांदाच जाणवलं.

"आत्या, मी केवढी आहे गं!" ती खिदळत ओरडली. "पुन्हा बसू या!"

आत्याचे डोळे वाहत होते. "अस्संच वाटायचं गं घरी."

चार्वी साताऱ्याला गेली आणि आज साठीतही अजिंक्यतारा चढते. चंद्रावर इतकी वर्षं राहून ठिसूळ झालेली आत्याची हाडं मात्र कायमचं परतण्याजोगी उरली नव्हती. ती डॉक्टरांशी भांडून दर रविवारी गाडीत बसायची आणि उतरल्यावर सांगायची, "जाऊन आले."